काढायची राहिलेली सतरा झाडं

'रेघबाई' हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते विचारू नका, मीच ठेवलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दोनशे वर्षांच्या जुन्या बागेच्या त्या आरेखक. फाटकाशी पहारेकऱ्यांची एक खोली होती, तिथं आमचं कार्यालय. खिडकीखाली बाईंचं उतरतं टेबल, दाराशी माझं टंकलेखनाचं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी बागेतलं एकेक झाड कागदावर आणलं होतं. छातीच्या उंचीवर फीत लावून खोडाचा घेर मोजायचा, मग फांद्यांचा पसारा, मग कागदावर वर्तुळ आणि आत क्रमांक. झाडांना त्या क्रमांकानंच ओळखत. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. ते एकदा मला म्हणाले, "हिला माझा वाढदिवस आठवत नाही. पण तीनशे बारा नंबरला पालवी कधी फुटली ते विचारा, तारखेसकट सांगेल."

बाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "तीनशे तेरा."

पुढची वीस वर्षं बाग कशी सांभाळायची, कुठली झाडं ठेवायची, कुठली तोडायची, कुठल्या वाटा बंद करायच्या, याचा आराखडा करायचं ठरलं. नेमकी त्याच वर्षी बाईंची निवृत्ती. आराखड्याचे बारीक नकाशे आपल्याच हातून व्हावेत म्हणून त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली. त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

ऐन घाईच्या आठवड्यात यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि बाई रजेवर गेल्या. जाताना नकाशाच्या कडेला स्वतःसाठी पेन्सिलीनं लिहून गेल्या: 'तळ्याकाठची १७ काढायची राहिली.' आराखड्याच्या याद्या मी करत होतो. फोन करून विचारता आलं असतं. म्हटलं, दवाखान्याच्या गडबडीत कशाला त्रास द्यायचा. खरं म्हणजे मला यादी हातावेगळी करायची होती. 'काढायची' हा शब्द छापील कागदात बरा दिसेना, म्हणून मी तो 'तोडावयाची' असा केला आणि सतरा झाडं तोडीच्या यादीत बसवून मोकळा झालो.

बाई परतल्या, त्यांनी राहिलेली सतरा वर्तुळं काढली आणि टिपण खोडून टाकलं. याद्या तोवर छापखान्यात गेल्या होत्या. छापील प्रती थेट बागेचा कारभार बघणाऱ्या समितीच्या बैठकीतच वाटल्या गेल्या. चौथा विषय झाडांच्या यादीचा, पाचवा बाईंच्या मुदतवाढीचा. अध्यक्ष यादी भराभर वाचत सुटले, कारण तोड सोमवारी सुरू व्हायची होती. तळ्याकाठाशी आले आणि बाई उभ्या राहिल्या. बैठकीत त्यांना बोलायला उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"ती सतरा तोडायची नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मुळांनीच तळ्याचा काठ धरून ठेवलाय. काढायची राहिली, असं मी लिहिलं होतं. म्हणजे नकाशात काढायची."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे तुम्ही एक शब्द मोघम लिहिणार आणि सोमवारी सतरा झाडं आडवी होणार? आज तुम्ही आला नसतात तर?"

बाईंनी हातातल्या छापील पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'तोडावयाची' हा शब्द त्यांचा नव्हता आणि तो कुणाचा हे त्यांना कळलं होतं.

"माझ्या लिहिण्यातून दोन अर्थ निघत होते," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

शब्द मी बदलला, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी वहीत मान घालून त्यांचं वाक्य उतरवून घेतलं.

झाडं यादीतून निघाली. पाचव्या विषयाला दोन मिनिटंही लागली नाहीत. अशा कामात हलगर्जी परवडत नाही, नवा माणूस बघावा, मुदतवाढ देता येत नाही. बाईंनी मान हलवली आणि पुढचा विषय सुरू झाला.

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझंच. खरं सांगायची आणखी एक संधी होती, तीही मी घालवली. 'आरेखक बाईंनी आपली चूक मान्य केली,' असं लिहिलं. अध्यक्षांच्या सहीआधी जो तो आपापलं बोलणं तपासून देतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कागद बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी मी टेबलाशीच उभा राहिलो. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. 'चूक'चा उकार मी ऱ्हस्व दिला होता. तो त्यांनी पेन्सिलीनं दीर्घ केला आणि कागद मला परत दिला.