विमलचा मिक्सर आणि रसिकाचा हात

वाडीतल्या विमलला सवत नव्हती, पण आयटीआय होती. नवरा जयसिंगराव तिथे मोटरचं वाइंडिंग शिकवायचे. घरातला पंखा, इस्त्री, पाण्याची मोटर, काहीही बिघडलं की पिशवीत घालून वर्गात. म्हणायचे, "पोरांचा हात बसायला खरी वस्तू लागते." पोरं ती दहादा उघडणार, दहादा जोडणार, आणि विमल चुरगळलेली साडी नेसून भिशीला जाणार.

वर्गात नुसते मुलगे होते तोवर तिने सोसलं. मग मकरपुऱ्यात नवे कारखाने निघाले, मुलींनाही घ्यायला लागले, आणि वर्गात रसिका आली.

"काय हात आहे त्या पोरीचा!" जयसिंगराव जेवताना म्हणाले. "तारेचा वेढा असा बसवते, बघत राहावं!"

पानात पुरणपोळी होती, काठापर्यंत पुरण गेलेली. तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

"आणखी वाढू," विमल म्हणाली, "की कौतुकानेच पोट भरलं?"

त्यातच मिक्सर जळाला. विमलने बजावलं, "हा घराबाहेर जायचा नाही. तुम्ही, तुमच्या हाताने, इथे बसून करायचा." जयसिंगरावांनी मान डोलावली. सकाळी बघते तर ओटा रिकामा.

विमल पाट्यावर वाटत राहिली, आणि वाटताना रसिकाच्या नावाने वरवंटा जरा जोरात फिरायचा.

एका रविवारी मिक्सर परत आला. "रसिकाने केलाय," हे सांगताना जयसिंगरावांची छाती फुगलेली. विमलने खोबरं-मिरची घालून बटण दाबलं. आवाज झकास, पण खोबऱ्याचे तुकडे तसेच. तिने बटण बंद केलं, झाकण काढून थांबत आलेलं पातं निरखलं. उलटं फिरत होतं!

नवा मिक्सर मिळाला असता तरी विमलला एवढा आनंद झाला नसता.

"अहो, तुमच्या त्या हातवालीने मोटर उलटी फिरवलीय हो!"

जयसिंगराव हसले. "तारांची अदलाबदल झाली असणार. उद्या नेतो. तिची चूक तिलाच सापडू दे."

"न्या. आणि चटणीपण तिच्याकडेच खा."

शेवटी रसिकालाच घरी बोलावलं. पोरगी दारातच ओशाळली. "काकू, चुकलं माझं."

विमलने पाणी दिलं, चहाचं नाव काढलं नाही. "तू नुसतं बघ. करणार हे."

जयसिंगराव स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले, स्क्रू काढले. विमलला हवं होतं तसंच सगळं झालं. पण हात मिक्सरवर असले तरी तोंड रसिकाकडे. "हे बघ, ही कॉइलची तार इकडे यायला हवी होती. कळलं का?" ओट्याशी उभ्या विमलला त्या दोघांच्या पाठीच दिसत होत्या.

तिने पदर खोचला आणि खाली बसली. "कुठली तार? मला दाखवा."

"तुला? इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस."

"इतक्या वर्षांत घरी कधी काही उघडलंत?"

रसिका गालात हसली. जयसिंगरावांनी चष्म्यावरून बायकोकडे नीट बघितलं.

"रसिका, जरा सरक," ते म्हणाले. "काकूंना दिसत नाहीये."