डॉक्टरांनी वापरलेला शब्द

माझे वडील रत्नागिरीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही भावंडं एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला गेलो की अर्थ सगळ्यात शेवटी मिळायचा. "अनोळखी माणूस ओटीवर आला की आपण आधी काय विचारतो? गाव कुठलं. शब्दालाही तेच विचारायचं." मग पानावर बसल्या बसल्या ते लॅटिन, ग्रीक, फ्रेंच हिंडून यायचे. आई म्हणायची, "आता आमटीचंही कूळ सांगा, म्हणजे जेवाल."

गेल्या वर्षी त्यांच्या पोटातला कॅन्सर यकृतात पोचला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आता फक्त पॅलिएटिव्ह केअर, म्हणाले. पेशंटला सांगू नका, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. आमच्याकडे ती रीतच आहे. मुंबईच्या दादानेही फोनवर तेच बजावलं. शिवाय रविवारी गाडी पाठवतो, इथे केमो करून बघू, म्हणाला. वडील घरीच राहायचं म्हणत होते. पण ज्याला आपलं दुखणंच सांगितलेलं नाही, त्याचं ऐकतो कोण?

दुपारी मी पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला केला.

"डॉक्टरांनी कुठला शब्द वापरला गो?"

"विश्रांती घ्या म्हणाले."

"मी शब्द विचारला. वाईट सांगताना डॉक्टर इंग्रजीच बोलतात."

मी सांगितला.

त्यांनी तोंड पुसलं. मग वर्गात सांगावं तसं म्हणाले, "लॅटिन. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, आपल्या शालीसारखं. त्यावरून झाकणं. दुखणं बरं करत नाहीत, त्याच्यावर पांघरूण घालतात."

"हो."

"मग मुंबईला कशाला?"

"दादाला वाटतं."

"त्याला सांग, मी नाही म्हटलंय. समजून नाही म्हटलंय."

मी पडवीत जाऊन फोन लावला. दादा ओरडलाच, "बोलू नकोस म्हटलं होतं ना तुला! धीर सोडतील ते."

"सोडलेला नाही. गाडी पाठवू नकोस. तू ये."

दादाचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "शनिवारी सुट्टी मिळेल. तोवर..."

"माहीत नाही," मी म्हटलं. "तू आजच नीघ."