तांब्याचा बोर्ड आणि माझा पांढरा कुर्ता

ज्या बायांच्या घरातली इस्त्री फक्त कपड्यांसाठी आहे, त्यांनी आजच देवाले नारळ फोडा.

माझा नवरा घरी सर्किट बोर्ड बनवतो. चकचकीत कागदावर लेझर प्रिंटरनं डिझाइन छापायचं, तांब्याच्या पाटीवर उलटं ठेवायचं अन् माझ्या इस्त्रीनं दाबायचं. शाई तांब्याले चिकटते. काल ती इस्त्रीलेही चिकटली.

आज बाभुळगावच्या शाळेत माझी मुलाखत होती. सकाळी पांढऱ्या कुर्त्यावर इस्त्री फिरवली अन् छातीवर काळा पट्टा!

नवरा हसला. "एवढं काय त्यात? दुसरा घाल."

जुना, विटलेला घालून गेली. "कळवतो" म्हणाले. समजलं मले.

दुपारी नवऱ्याचा फोन. "बोर्ड ॲसिडमध्ये टाकून आलो. अर्ध्या घंट्यानं काढजो. उद्या लोहारा गावच्या कारखान्यात दाखवायचा आहे."

"हो," म्हटलं. अन् ॲसिडच्या टबापाशी खुर्ची टाकून बसली. चार घंटे. ॲसिड उघडं तांबं खाते, शाईखालचं वाचते; पण जास्त वेळ झाला की ॲसिड बाजूनं आत शिरते.

संध्याकाळी तो आला. काळ्या रेषा जागेवर दिसल्या म्हणून खूश झाला. बोर्ड नळाखाली धरला, तर रेषा सालीसारख्या वाहून गेल्या. खाली तांबंच नव्हतं. त्याचं तोंड नीट पाहता यावं म्हणून मी लाइट लावला.

"तुले काढ म्हटलं होतं ना?"

"एवढं काय त्यात? दुसरा बनवा."

आता तो नवा कागद छापून आणून घरभर इस्त्री शोधून राह्यला. ती माझ्या मांडीवर आहे, ओढणीखाली.

सांगा बायांनो, देऊ का?