पाचटाच्या जाळात बांधावरचे आंबे गेले

मंडळी, आज सकाळी आमच्या बांधावरची आंब्याची सगळी झाडं जळाली.

आमचं नेसरीजवळ एकरभर रान आहे. उसाच्या कडेनं मी आणि नवऱ्यानं आंबे लावलेले. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवले. यंदा पहिल्यांदाच मोहोर आला होता.

शेजारचं रान चुलतदिरांचं, बाळूभावजींचं. त्यांचा ऊस तुटला. आज त्यांनी रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं आणि वाऱ्यानं जाळ आमच्या बांधावर आला. आम्ही दोघं ओल्या पोत्यांनी झोडपत राहिलो. आमचा ऊस वाचला, झाडं नाही वाचली.

मी म्हणाले, "भावजी, आधी सांगायचं तरी की!"

"झाडंच हायत की वैनी," ते म्हणाले. "न्हायतरी त्यांची सावली माझ्या उसावर पडत हुती."

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "आता बांधावर काय लावायचं न्हाय."

एरवी मी वाद घातला असता. आज नुसती मान डोलावली.

तुमच्यापैकी कुणाची बांधावरची झाडं टिकलीत का? शेजारी झाडं ठेवू द्यायला कसे तयार झाले? खरं तेच सांगा, नुसता धीर नको.