टाचा बघणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर आधी नाडी बघत नसत, आधी टाचा बघत. पेशंट स्टुलावर टेकला की "पाय जरा पुढं घ्या" म्हणायचे आणि चष्म्यावरून खाली बघत बसायचे. नवा माणूस गोंधळून जायचा. डोकं ठणकतंय म्हणून आलो आणि हा माणूस माझ्या पायात काय शोधतोय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मग दुसरा प्रश्न यायचा, "जमीन बागायती की कोरडवाहू?" आणि तिसरा, "घरी दुभतं किती?" काय होतंय हे विचारायची पाळी चौथी.

हे सगळं मला खाली बसून ऐकू यायचं. औरंगपुऱ्यातल्या त्या इमारतीत वर त्यांचा दवाखाना आणि खाली माझं औषधांचं दुकान. मध्ये लाकडी फळ्यांचं छत. वरचं बोलणं खाली आणि खालचं वर. बावीस वर्षं आम्ही एकमेकांचं सगळं ऐकलं. माझं दुकान एवढंसं, तरी ते मला शेठ म्हणायचे. पहिल्याच दिवशी माझ्याही टाचा बघून झाल्या होत्या.

ते हैदराबादेत शिकले, सगळं शिक्षण उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी इथे आले आणि पाटी लावली. औषधाला ते मरेपर्यंत दवाच म्हणाले. "शेठ, मर्ज बघण्याआधी ऐपत बघावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मी भारी दवा लिहिली आणि माणसानं घेतलीच नाही, तर मी काय लिहिलं? न घेतलेली दवा सगळ्यात महाग." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे त्याचा कंटाळा यायचा.

आमच्या दोघांत एक खूण होती. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्यांनी एक बारीक टिंब दिलं, की ते औषध मी माझ्या खरेदीच्या भावात द्यायचं. या टिंबाला ते नुक्ता म्हणत. नुक्ता नसला की तेच औषध छापील किमतीला विकायचं. मी किती दिवसांचं औषध दिलं ते चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं लिहायचो आणि दुकानाचा शिक्का मारायचो. पेशंटला यातलं काही कळत नसे. भेगाळलेल्या टाचा बघून नुक्ता पडतो हे मात्र लोकांनी हळूहळू ओळखलं, आणि तिथूनच तमाशा सुरू झाला.

सोयगावकडचे एक कापसाचे व्यापारी होते. एकदा त्यांनी आपले बूट माझ्या काउंटरखाली काढले, "जरा सांभाळा हो" म्हणाले आणि मळकं धोतर सावरत अनवाणी जिना चढले. मी कान टवकारले. मग डॉक्टरांचा आवाज आला, "शेठजी, कपडे नोकराचे आणलेत, टाचा मात्र स्वतःच्या आणल्यात. तुमच्या दुखण्याची स्वस्त दवा आहे. पण स्वस्तानं तुम्हाला गुण यायचा नाही." वर बसलेले लोक खो खो हसले. व्यापारी लालबुंद होऊन खाली आले आणि बूट हातात घेऊनच निघून गेले.

बोलायला ते असे तिखट. बरं, कुजबुजत बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पडदा नाही, आडोसा नाही, बाकावर दहा माणसं बसलेली, आणि त्यांच्यासमोर एका वकिलांना म्हणाले, "बंगल्यावर दुसरा मजला चढतोय आणि खोकल्याच्या बाटलीला घासाघीस?" वकील पुन्हा आले नाहीत. मी एकदा म्हणालो, "डॉक्टर, माणसाची ऐपत अशी चारचौघांत काढू नये." ते म्हणाले, "गरिबाला फायदाच होतो ना? मग श्रीमंताला थोडं लागलं तर लागू द्या." गरिबालाही लागू शकतं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

फुलंब्रीकडच्या खेड्यांतून मात्र वेगळीच आवई उठली होती. माझ्या काउंटरवर एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "फाटक्या कापडात गेलं की ह्यो डाक्टर हलकी दवा देतो. भारी दवा पायजे तर भारी दिसून जावं." मी हे गंमत म्हणून डॉक्टरांना सांगितलं. आम्ही दोघं चहा पीत त्यावर पोट धरून हसलो. तो चहा आठवला की अजून माझा मला राग येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती बाई आली. आठवडी बाजाराचा दिवस होता, दुकानात ही गर्दी. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, तापानं डोळे मिटलेली. बाईच्या गळ्यात ठसठशीत बोरमाळ, पायात नव्या चपला. वर गेली आणि मला आवाज येऊ लागला.

"लई दिस झाले डाक्टरसाब, ताप उतरंना."

"मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. पाय पुढं घ्या बाई तुमचे." थोडा वेळ गेला. मग डॉक्टर मोकळेपणानं हसले. "छान. गळ्यात एवढं सोनं आहे, मग दवा स्वस्तात कशाला देऊ? चौदा दिवसांची लिहितो, एक दिवस चुकवायचा नाही. त्या माळेतला एक मणी मोडलात तरी पोरगी खणखणीत होईल."

बाक हसला. बाई काही बोलली नाही.

चिठ्ठी माझ्या हातात आली. नुक्ता नव्हता. मी किंमत सांगितली. तिनं पदर ओढून माळ झाकली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग म्हणाली, "तीन दिसाचं द्या. बाकीचं गावात घेईन."

चिठ्ठीवर लिहिलेलं तिचं गाव मला माहीत होतं. तिथे एक किराणा दुकान होतं आणि त्यात चहापत्ती मिळायची. ताप उतरल्यावर औषध बंद केलं तर तो दुप्पट जोरानं उलटतो, हेही मला माहीत होतं. मागून चार हात पुढे आले होते, कुणी ओरडत होतं. मी तीन दिवसांच्या कॅप्सूल बांधल्या, चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं तीन लिहिलं, शिक्का मारला आणि पुढची चिठ्ठी घेतली. एवढंच मी केलं.

तीनेक आठवड्यांनी दुकानासमोर टांगा थांबला. तीच बाई. मुलगी तिच्या मांडीवर, ओठ काळे पडलेले. जिना चढवण्यासारखी ती राहिलीच नव्हती. डॉक्टर खाली उतरले, मुलीला टांग्यातच तपासलं. मग सवयीनं त्यांची नजर बाईच्या पायांवर गेली. पाय अनवाणी होते आणि टाचांना बोटभर भेगा. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, बाकी काही नाही.

"त्या वेळी टाचा अशा नव्हत्या," ते पुटपुटले.

"दगडानं घासून, त्याल लावून आले व्हते. सोनं माझ्या जावंचं व्हतं, डाक्टरसाब. चपला बी तिच्याच. लोक म्हनले, गरीब दिसलं की हलकी दवा देत्यात."

"मग मणी मोडा म्हणालो तेव्हा का नाही बोललात?"

"दुसऱ्याचा मनी मी कसा मोडू? आन समद्यांसमोर कसं सांगू?" तिनं पदराची गाठ सोडली आणि जुनी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. "ताप उतरला व्हता. मला वाटलं, बरी झाली."

डॉक्टरांनी चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. वर पेशंट बसले होते, त्यांना काही न सांगता ते टांग्यात चढले आणि सरकारी दवाखान्यात गेले.

संध्याकाळी परत आले ते माझ्या काउंटरपाशी थांबले. दुकानात कुणी नव्हतं. म्हणाले, "शेठ, त्या बाईनं दवा सगळी नेली होती का?"

मी कपाटाकडे तोंड करून बाटल्या लावत होतो. म्हणालो, "बाजाराचा दिवस होता डॉक्टर. एवढ्या गर्दीत कुठलं आठवणार?"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि एकेक पायरी मोजावी तसे वर गेले. चौथ्या दिवशी मुलगी गेली. तिला तिथे नेलं तेव्हाच उशीर झालेला होता.

त्यानंतर डॉक्टरांनी कुणाच्या टाचा बघितल्या नाहीत. जमीन विचारली नाही, दुभतं विचारलं नाही. सुताराला बोलावून एक लाकडी आडोसा करून घेतला. प्रत्येक चिठ्ठीवर नुक्ता पडू लागला, अगदी वकिलांच्यासुद्धा. माझा धंदा निम्म्यावर आला, पण मी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांचा आवाज उतरला, थट्टा संपली. जुने पेशंट मला म्हणायचे, "डॉक्टर थकले हो, आता पाय बघत नाहीत." खरंच थकले होते. पन्नाशीतला माणूस सत्तरीचा दिसायला लागला.

मीही एक सवय लावून घेतली होती. कुणी अर्धं औषध मागितलं की विचारायचो, "सगळं का नेत नाही? पैशाचं नंतर बघू." काही जण चिडायचे. चिडू देत.

पुढे गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना. दवाखाना बंद झाला, आणि काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मी त्यांचं औषध घरी पोचवायचो. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायला फळ्यांचं छत नव्हतं, म्हणूनच धीर झाला असेल. म्हणालो, "डॉक्टर, त्या बाईनं तीन दिवसांचंच नेलं होतं. मला आठवत होतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला माहीत आहे. चिठ्ठीवर शिक्का तुझाच होता ना. निळ्या पेन्सिलीनं तीन लिहिलेलं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी तू म्हटलं नव्हतं.

"मग मला विचारलंत कशाला?"

"एकट्यानं उचलवत नव्हतं रे." मग म्हणाले, "तू आठवत नाही म्हणालास. लागलं मला. पण दुसऱ्या दिवसापासून तुझं ते सुरू झालं, सगळं का नेत नाही, सगळं का नेत नाही. वर ऐकू यायचं सगळं. तेव्हा कळलं, तूही उचललंयस."

मला रडू आलं. मी त्यांचे पाय दाबत बसलो. पांघरुणातून टाचा बाहेर आल्या होत्या, पार वाळून गेलेल्या.

"माझी दवा सगळी आणलीस ना?" त्यांनी विचारलं.

"सगळी आणलीय, डॉक्टर. पूर्ण महिन्याची."

त्यातली चार-पाच दिवसांचीच त्यांना लागली. उरलेली त्यांच्या सूनबाईंनी तेराव्यानंतर दुकानात आणून दिली, कुणाच्या तरी कामाला येईल म्हणाल्या. मी ती घेतली आणि त्याच आठवड्यात चिठ्ठीवर टिंब न शोधता, पैसे न घेता, तीच दवा लागणाऱ्या एका माणसाला दिली. त्याच्या पायांकडे मी पाहिलं नाही.