झिजलेला मनोरा

व्हेनिसच्या ओर्सोलाचं निम्मं आयुष्य तांब्याचे पत्रे पुसण्यात गेलं. तिचे मालक सिओर ताद्देओ पत्र्यावर शहरांची चित्रं कोरायचे. ती पत्र्याला शाई फासायची आणि उघड्या तळव्यानं पुसायची, म्हणजे शाई फक्त रेघांत उरायची. एक शहर तर ती वीस वर्षं पुसत होती. पाण्यात उतरलेल्या कमानी, लांबलचक पायऱ्या, आणि मागं केसाएवढ्या रेघांचा उंच मनोरा.

त्या सकाळी पत्र्यावर दाबून छापलेला कागद बघून ती ओरडलीच. "अगं बाई! मनोरा कुठं गेला?"

ताद्देओंनी जुना कागद शेजारी धरला. जुन्यावर मनोरा होता, नव्यावर नुसतं आभाळ.

"तुझ्याच हातानं झिजला," ते हसले. "पुसून पुसून."

"अरे देवा! आता तिथल्या लोकांनी काय करायचं?"

"कुठले लोक? हे शहर जगात कुठंच नाही, बाई. मनानं रचलंय मी. मीसुद्धा कधी गेलो नाही तिथं."

ओर्सोला भडकली. "वीस वर्षं त्या पायऱ्या पुसतेय मी, आणि हे आज सांगताय?"

मग तिनं आपला काळाकुट्ट तळवा खिडकीच्या उजेडात धरला. घरातली कढईसुद्धा या हाताला धड घासता येत नाही, असं नवरा म्हणायचा.

"तुम्ही गेला नसाल," ती हळूच म्हणाली. "मी तर तिथला मनोरा पाडून आलेय."