सासूबाईंचं फडकं आणि तळ्यातली पिल्लं

लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा मी समुद्र पाहिलाच नव्हता, पण डोक्यात समुद्रातलेच जीव वळवळत असायचे. कोळंबीची दूरची भावंडं, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी. पुस्तकात त्यांच्या पिल्लांची चित्रं होती. अंड्यातून निघालं की नुसता गोळा, पायांच्या तीन जोड्या आणि कपाळावर एक लाल डोळा. मग कात टाकत टाकत सहा रूपं, आणि तेव्हा कुठे त्याला शेपूट येऊन आईबापाचा चेहरामोहरा दिसायला लागायचा. आमच्या घराजवळच्या तळ्यातही त्यांचे गोड्या पाण्यातले भाऊबंद होते, पण त्यांच्या पिल्लांची चित्रं मला कुठेच मिळेनात. म्हटलं, मग मीच काढते!

जबलपूरच्या विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सगळी रूपं एकाच मादीच्या पिल्लांची हवीत. एक जरी सुटलं तरी काम घेणार नाही. पूर्ण झालं तर दोन महिने इथे येऊन प्रबंध लिहा."

मी शिकवायची त्या कॉलेजातून जुना मायक्रोस्कोप मागून आणला आणि खिडकीत ठेवला. शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लटकवलेली मादी उचलायची, काचेच्या ग्लासात सोडायची, वर तळ्याचं हिरवं पाणी घालायचं. पिल्लं निघायची. पहिलं रूप काढलं, दुसरं काढलं, आणि मग पिल्लं गायब! प्रत्येक ग्लासात तेच. मी पाण्यावर चिडले, उन्हावर चिडले, आमच्या ह्यांच्यावर तर उगीचच चिडले. मादीला बाहेर काढावं हे काही डोक्यात आलं नाही. एवढुशी लेकरं, त्यांना माय जवळ नको? माझीच मुलगी तेव्हा रांगत होती, क्षणभर मला सोडत नव्हती.

सासूबाई बालाघाट जिल्ह्यातल्याच लांजीकडच्या. फडक्यातून गाळल्याशिवाय त्यांच्या घरात पाण्याचा थेंब कुणी प्यायचं नाही. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर त्यांनी खिडकीतल्या ग्लासातलं पाणी जुन्या विरलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळून, ग्लास लख्ख करून, तेच पाणी पुन्हा त्यात भरून जागेवर ठेवलेलं. फडकं भोपळ्याच्या वेलाशी झटकलेलं.

"आई, हे काय केलं तुम्ही!"

"काहून, काय झालं? पान्यात किडा उड्या मारून राह्यलता. लेकराच्या हाताशी ठेवते असलं पानी?"

"तो किडा नव्हता, माझं काम होतं!"

"कामाले पाय असते का व?"

मी रागाने जेवले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "उपाशी राह्यल्यानं किडा येते का वापस?" अस्सा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी ग्लास घासायला घेतला आणि सवयीने एक थेंब भिंगाखाली ठेवला. बघते तर पिल्लं हजर, मजेत हातपाय मारताहेत! विरलेल्या धोतरातून ती खाली उतरली होती, माय तेवढी वर अडकली होती. थोड्याच दिवसांत एकाच्या मागच्या टोकाला नवे काटे दिसले. तिसरं रूप! मी अशी किंचाळले की सासूबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"आई, मायच पोरं खात होती!"

"अरे बापा! मंग काहून ठेवली होती तिले तिथं?"

त्या दिवसापासून पिल्लं निघाली की ग्लास त्या गाळायच्या, काटे मी मोजायची. आमची जोडी भलतीच जमली. सहावं रूप झालं, पुढच्या कातीला शेपूट आली, तेव्हा मुलीला कडेवर घेऊन मी घरभर नाचले. सासूबाईंनी तुपाने निथळणारा शिरा केला आणि शेजारच्या घरोघरी पाठवला, कशाबद्दल ते कुणालाच न सांगता.

सर चित्रं बघून खूश झाले, कधी येता म्हणाले. मी घरी आले, पण रात्रंदिवस ज्याचा ध्यास घेतला, ते हातात आल्यावर पाय निघेना. जेवताना हळूच म्हटलं, "या वर्षी राहू दे. मुलगी लहान आहे, आईवाचून कशी राहील?"

सासूबाईंनी मुलीच्या तोंडात वरणभाताचा घास दिला. तिने तो गटकन गिळला आणि पुन्हा त्यांच्याकडेच बघून तोंड उघडलं.

"तू काही खाऊन नाही टाकत तिले," त्या म्हणाल्या, "पन माय दोन महिने नसली तरी लेकरू वाढते. जाय, गाडी पकड."